डाव्या चाकाचा आवाज

दादा ताईशी बोलायचे तेव्हा तिच्यासमोर उभे राहून, तिच्या डोळ्यांत बघून बोलायचे. माझ्याशी बोलताना त्यांची पाठ असायची. ही गोष्ट मी पहिल्यांदा कधी हेरली ते आठवत नाही, पण हेरल्यावर ती माझ्या डोक्यातून गेली नाही. दादा म्हणजे माझे वडील. भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ते सिव्हिलियन मेकॅनिक होते. ताई, म्हणजे कुसुम, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आई, दादा, ताई आणि मी, एवढंच आमचं घर. बाजाराच्या मागच्या गल्लीत पुढे पत्र्याचं शेड आणि मागे दोन खोल्या. सकाळी छावणीतला बिगुल वाजला की आईची चूल पेटायची. लांबच्या मैदानावर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की मांडणीवरची भांडी किणकिणायला लागायची. आईला त्याची इतकी सवय होती, की ती भाकरी थापता थापता कोपराने वरचा डबा आत सारून ठेवायची आणि तिच्या थापण्याचा ठेका चुकत नसे. रविवारी सकाळी आंघोळी झाल्या की आम्ही चौघं बुद्धवंदनेला बसायचो. ताई दादांना खेटून बसायची आणि त्यांच्या ओठांकडे बघत, त्यांच्या मागून अर्धा शब्द उशिरा म्हणायची. मला वाटायचं, किती हा लाडिकपणा.

ड्युटीवरून आल्यावर दादा शेडात बाहेरच्या गाड्या दुरुस्त करायचे. जीप आणि जुन्या मोठ्या मोटारी. त्यांच्या चाकांवर धक्के झेलायला एकावर एक रचलेले लोखंडी पाटे असायचे, आणि पाटे कसे उतरवायचे, कसे चढवायचे हे नगरमधल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला यायचं. मग एक नवीच छोटी गाडी रस्त्यावर आली. आमच्या शेडात पहिली आली ती शिर्डीच्या एका लॉजवाल्याची. दादा तिच्याखाली सरकले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा हसत होते. “हिला पुढं पाटंच न्हाईत!” ते म्हणाले, आणि त्यांनी हाक कुणाला मारली? ताईला. हाक म्हणजे काय, दारात बसलेल्या ताईपर्यंत ते चालत गेले, तिच्या खांद्याला हात लावला आणि तिला गाडीपाशी घेऊन आले. मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मला चालत येऊन कुणी नेलं नाही.

त्या दिवशी दादांनी चाक काढून ताईला पाट्यांच्या जागी बसवलेला स्ट्रट समजावला. तो धडा तिच्यासाठी होता, पण त्यातला शब्द न् शब्द मी ऐकला आणि आजही मला तो पाठ आहे. “ही गोल गुंडाळलेली स्प्रिंग बघ,” दादा तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले. “गाडीचं वजन हिच्यावर. पण नुसती स्प्रिंग ठिवली तर गाडी खड्ड्यातनं निघाल्यावर नाचतच ऱ्हाईल. म्हनून मधी ही नळी. नळीत तेल. चाक वर आलं की आतला दट्ट्या तेलातनं सरकतो. तेलाला बारीक भोकातनं जावं लागतं, ते सावकाश जातं. स्प्रिंगची उडी तिथंच मरती.” मग त्यांनी ताईचा तळवा धरून नळीवर ठेवला. “पाट्याच्या गाडीत शॉकअप निराळा, चाक धरनारं लोखंड निराळं. हितं ते वरचं लोखंड काढूनच टाकलंय. ही नळीच चाकाला उभं धरती. आन स्टेअरिंग फिरवलं की ही स्प्रिंगसकट सगळी फिरती, वरच्या बेरिंगवर. एकाच वस्तूला तीन कामं.”

बॉनेटचा कोपरा दाबून सोडून द्यायला त्यांनी तिला शिकवलं. गाडी एकदा वर येऊन बसली तर तेल शाबूत, डुलत राहिली तर तेल गेलं. आणि वरचा मोठा नट तसाच उघडायचा नाही, हे तर त्यांनी तिच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं, की आईसुद्धा आतून वैतागली. आधी स्प्रिंगला दोन बाजूंनी दोन हूक लावायचे, दोघांनी समोरासमोर बसून थोडं थोडं आवळत स्प्रिंग दाबायची, मगच नट. नाहीतर दबलेली स्प्रिंग सुटून तोंडावर येते. एका हुकावर दादा, दुसऱ्यावर ताई. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ. एकानं आवळायचं, थांबायचं, मान हलवायची, मग दुसऱ्यानं. त्या दुसऱ्या हुकासाठी मी काय दिलं नसतं!

आज माझ्या मुलाच्या गाडीचा स्ट्रट गेला तर सर्व्हिस सेंटरवाले काचेपलीकडे अख्खा नवा बसवतात आणि आपल्याला कॉफी देतात. कुणी कुणाचा तळवा धरून त्यावर ठेवत नाही. मी काचेतून बघत राहते आणि सून विचारते, “आई, एवढं काय बघताय?” तिला काय सांगणार?

हेवा हा शब्द मला तेव्हा माहीत होता, पण तो मी स्वतःला लावत नसे. मी त्याला अन्याय म्हणायचे. वर्गात स्प्रिंगचा धडा झाला त्या दिवशी मी धावत घरी येऊन दादांना तो घडाघडा म्हणून दाखवला. दादा मोरीवर रॉकेलने हात पुसत होते. “शाब्बास,” ते म्हणाले, मागे न वळता. ताईने मात्र कधी धडा म्हणून दाखवला नाही. तिने शाळाच सोडली होती, अभ्यासात मन रमत नाही म्हणून, असं घरात सांगितलं जायचं. तरी शेजारपाजारचे म्हणत, कुसुमच्या हाताला गाडी बोलते. आई हुलग्याचे शेंगोळे करायची, लसणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. ती वाढताना दादा म्हणायचे, “कुसुमला आजून वाढ, तिनं जॅक मारलाय दिवसभर.” ताई मुकाट्याने खायची. मी हाक मारली तर पुष्कळदा ओ द्यायची नाही. मला तो गर्व वाटायचा. आमची भांडणं रोजची होती, कंगव्यावरून, उशीवरून, आंघोळीच्या पहिल्या पाण्यावरून. पण सगळ्यांत जास्त जळायचे मी त्यांच्या पुण्याच्या खेपांवर. मधूनमधून दादा रजा टाकायचे आणि ताईला घेऊन एसटीने पुण्याला जायचे. सुटे भाग आणायला, असं आई सांगायची. संध्याकाळी दोघं दमून परत यायची, ताईच्या हातात कधी बाकरवडीचा पुडा असायचा, आणि ती तो सरळ माझ्या हातात द्यायची. मी खायचे आणि जळायचे. गाडी चालवायलाही दादांनी तिलाच शिकवलं. भिंगारच्या रस्त्यावर मोटार चालवणारी मुलगी म्हणजे लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. मी मागच्या सीटवर.

मी अकरावीला असतानाची गोष्ट. जामखेडला स्वतःचा लहानसा दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत त्या आपली छोटी गाडी स्वतः पिटाळायच्या, आणि तिकडचे रस्ते असे, की पुढचे दोन्ही स्ट्रट तेल ओकून बसले होते. दादांनी आणि ताईने ते बदलले. पण थोड्याच दिवसांत बाई परत आल्या. पुढून आवाज येतोय म्हणाल्या. दादांनी खालचे बोल्ट तपासले, ताईने गाडी दाबून पाहिली, सगळं ठीक होतं. बाई गेल्या आणि पुन्हा आल्या. ह्या वेळी दादा ड्युटीवर होते. आई दळणाला गेली होती. कॉलेजला सुट्टी असल्याने मी घरी होते.

“दादा नाहीत?” बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. “मग राहू दे. खरं सांगू का, मी आता पुण्यालाच दाखवीन म्हणते. मला कुणी म्हणालं, पोरीबाळींच्या हातून काम करून घेतात, मग असंच व्हायचं.”

ताई त्यांच्याकडे एकटक बघत होती. चेहरा पांढरा पडला होता. “एक चक्कर मारू,” ती म्हणाली. “मी चालवते. तुम्ही शेजारी बसा.” आणि मला म्हणाली, “तू पण चल.”

जामखेड रस्त्याला आम्ही थोडं पुढे गेलो. खड्ड्यांत गाडी गपगुमान बसत-उठत होती, नव्या स्ट्रटसारखी. ताईने एका बाभळीपाशी वेग कमी केला आणि गाडी वळवायला घेतली. स्टेअरिंग फिरलं तसा पुढून डावीकडून आवाज आला, टण्ण. ताणून धरलेली तार सुटावी तसा.

“हाच! हाच आवाज,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताई काहीच बोलली नाही. समोर बघत गाडी वळवत राहिली. बाई पुन्हा म्हणाल्या, “अहो, ऐकलंत ना?” तरी नाही. मी मागे बसून मनात म्हटलं, बघा हिचा तोरा, गिऱ्हाइकाला उत्तर देत नाही. पुढच्या वळणावर पुन्हा टण्ण झालं, इतक्या जोरात की रस्त्याकडेच्या शेळीने मान वर केली. आणि ताई बाईंकडे वळून, हसून म्हणाली, “बघा, आता तर काहीच नाही ना?”

बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला लगेच कळला नाही. शेडात परत येईपर्यंत मी ताईच्या मानेकडे बघत होते. तिने बॉनेट उघडलं आणि आत वाकली. मी तिच्या मागे उभी होते. फळीवरचा मोठा पाना मी उचलला आणि फरशीवर सोडून दिला. डॉक्टरीणबाई दचकल्या. गल्लीतलं कुत्रं भुंकलं. ताई वाकलेली तशीच वाकून राहिली, एका नटावरची धूळ बोटाने पुसत.

मला दया आली असेल असं कुणालाही वाटेल. इतक्या वर्षांनी लिहिताना मलाही तसं लिहायचा मोह होतो. पण आधी आला तो संताप. ताईला ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दादांना, आईला. तिघांचं मिळून एक गुपित होतं आणि मी त्याच्या बाहेर होते. दादा तिच्यासमोर उभे राहून बोलायचे त्याचं कारण मला त्या क्षणी कळलं, तरी तिच्या वाट्याला ते समोर उभं राहणं आलं होतं आणि माझ्या नाही, हे काही बदललं नाही. मी त्या शेडात पाना पायाशी पडलेला असताना तिचा पूर्वीइतकाच हेवा करत उभी होते.

“चला, मी निघते,” बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली. ताईला तेही ऐकू गेलं नाही.

मी गाडीला वळसा घालून ताईच्या समोर गेले. तिने मान वर केली. मी दादांसारखंच तोंडासमोर तोंड नेऊन, शब्द सुटे करत म्हटलं, “खड्ड्यात वाजत नाही. स्टेअरिंग वळवलं की वाजतंय. डावीकडे.”

ताईच्या डोळ्यांत जी भीती उतरली ती मी आधी कधी पाहिली नव्हती. मला कळलंय हे तिला कळलं.  मग तिने डाव्या चाकाच्या आत हात घातला, तळवा स्प्रिंगवर ठेवला आणि म्हणाली, “आत बस. सावकाश वळव. वाजलं की थांब आणि मला दिसेल असा हात वर कर.”

मी पहिल्यांदाच चालकाच्या जागी बसले. स्टेअरिंग जड होतं, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. टण्ण. मी हात वर केला. “परत,” ताई म्हणाली. टण्ण. “परत, उलट्या बाजूला.” टण्ण. आता तिचा चेहरा बदलला. “स्प्रिंग फिरत नाही,” ती म्हणाली. “पिळली जातेय. ओलं कापड पिळतात तशी, आणि मग एकदम सुटतेय. वरचं बेरिंग अडकलंय, शैले! नळी बदलली, पण बेरिंग जुनंच ठेवलं होतं आपण. दादांना नवं मिळालं नव्हतं.”

डॉक्टरीणबाई पर्स खाली ठेवून जवळ आल्या होत्या. त्यांनी ताईच्या समोर येऊन, अगदी हळू विचारलं, “कान कधी दाखवलेत का?”

“दाखवले,” ताई म्हणाली. “नगरला दाखवले, मग पुण्याला. किती वेळा गेलो. डावा पुरता गेलाय. उजव्यात थोडंच उरलंय, तेबी जाईल म्हणतात.”

पुण्याच्या खेपा! एसटीचा तो प्रवास, ते दमून परत येणं, माझ्या हातात पडणारी बाकरवडी. मी स्टेअरिंग धरून बसले होते आणि मला खाली उतरता येईना.

अपघातात गेलेल्या एका गाडीचा पुढचा भाग शेडाच्या कोपऱ्यात नुकताच येऊन पडला होता. त्याचं बेरिंग चांगलं निघालं. ताईने जॅक लावला, खाली आधाराला लोखंडी घोडी दिली, चाक काढलं, स्ट्रट उतरवला आणि दोन हूक स्प्रिंगला अडकवले. एका हुकाशी ती बसली. दुसऱ्याशी कुणी नव्हतं. “ये,” ती म्हणाली. मी बसले. ती थोडं आवळायची, माझ्याकडे बघायची. मी थोडं आवळायचे, तिच्याकडे बघायचे. स्प्रिंग कुरकुरत जवळ येत होती आणि मला दरदरून घाम फुटला होता, कारण ती सुटली तर आमच्या दोघींच्या तोंडावर येणार होती. “घाबरू नको,” ताई म्हणाली. “माझ्याकडं बघ, स्प्रिंगकडं न्हाई.” नट सुटला तेव्हा काहीच उडालं नाही. जुनं बेरिंग धुळीने आणि गंजाने दगड झालं होतं. काढलेल्या दुसऱ्या बेरिंगात ताजं ग्रीस भरून ते बसवलं. दादा आले तेव्हा बाई गाडी जागच्या जागी डावी-उजवी वळवून बघत होत्या आणि आवाज नव्हता. जाताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वेळी दोघी असाल तेव्हाच येईन.”

त्या संध्याकाळी दादा मोरीवर हात धूत असताना मी आईपाशी गेले. ती पाटावर शेंगोळे वळत होती. हुलग्याच्या पिठाने तिची बोटं तपकिरी झाली होती.

“मला का नाही सांगितलं?” मी विचारलं. “मी कोण लागते तुमची?”

आई वळता वळता थांबली. “तू मामाकडं जामखेडला हुतीस त्या उन्हाळ्यात,” ती म्हणाली. “तिला लई ताप आला. कान फुटलं. तू परत आलीस तवा वरनं सगळं बरं दिसत हुतं. आमी सांगनार हुतो तुला. तिनंच सांगू दिलं न्हाई.”

“का?”

“ती म्हनली, तुमी दोघं आता माझ्याशी देवळातल्यासारखं जपून बोलता. दवाखान्यात बाया तोंडाला पदर लावत्यात. शैली तेवढी माझ्याशी भांडती. तिला कळलं तर तीबी गप बसंल. एक मानूस तरी मला तसंच ऱ्हाऊ द्या.” आईने एक शेंगोळा उगाचच पुन्हा वळला. “तू तिला गर्विष्ट म्हनायचीस ना, ती हसायची मागं. म्हनायची, बघा, तिला अजून कळलं न्हाई.”

मोरीवरचं पाणी थांबलं होतं. दादांनी सगळं ऐकलं होतं, पण ते आत आले आणि टॉवेल घेऊन बाहेर गेले. 

पुढचं थोडक्यात सांगते. ताईचा उजवा कानही मंद होत गेला, पण पूर्ण गेला नाही. दादा निवृत्त झाल्यावर शेड तिनेच चालवलं, लग्नही केलं, दोन मुलं वाढवली. आता तिच्या कानात इवलंसं यंत्र असतं आणि ती ते नको तेव्हा मुद्दाम काढून ठेवते. मी अकाउंट्स शिकून पुण्याला नोकरीला गेले. दादा गेले तेव्हा लष्करी वर्कशॉपातले त्यांचे जुने सोबती ताईचे हात हातात घेऊन रडले, आणि मी शेजारी उभी राहून पुन्हा तिच्यावर जळले. काही गोष्टी कारण कळल्याने जात नाहीत.

पण मला लिहायची होती ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी रात्रभर मनाशी ठरवलं होतं, की आजपासून ताईशी नीट वागायचं. बंबातलं पहिलं गरम पाणी रोजच्यासारखं तिनेच घेतलं. एरवी मी आकांत केला असता. त्या दिवशी मी शांतपणे तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, ओठ स्पष्ट हलवले आणि हळुवारपणे म्हणाले, “ताई, असू दे. तू घे. मी नंतर जाईन.”

ताईने बादली खाली ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या थोबाडीत मारली होती. डोळे भरून आले होते आणि ती प्रचंड चिडलेली होती.

“असं काय बोलतेस?” ती ओरडली. “आजाऱ्याशी बोलल्यासारखं! नीट भांड की माझ्याशी!”

 मग मी बादलीची कडी धरून जोरात ओढली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात किंचाळले, “रोज रोज पहिलं पाणी तुलाच का गं? तू काय राणी लागून गेलीस?” ताईने दुसऱ्या बाजूने ओढली. अर्धं पाणी आमच्या पायांवर सांडलं, आई चुलीपासून ओरडली, आणि आम्ही दोघी रडत रडत, सगळा जीव लावून भांडलो.